प्रियांकाचा पाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, एकाही मित्राला नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे. संताप झालाय म्हणून सांगतोय. माझा मलाच.

कसबा बावड्यातल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. शनिवारचा शेवटचा तास मात्र माझा स्वतःचा. त्या तासाला मी पोरांना निर्णय कसा घ्यायचा ते शिकवायचो. कागद घ्या. काय काय महत्त्वाचं आहे ते लिहा. कशाला किती गुण ते आधी ठरवा — आधी! उत्तर दिसल्यावर नव्हे. मग बेरीज करा आणि येईल ती मान्य करा, आवडो न आवडो. गावात याचा बोलबाला झाला. पोरगीला कुठल्या कॉलेजात घालायचं, म्हैस विकायची का ठेवायची — "सरांकडनं तक्ता करून आण जा" असं लोक म्हणायचे. सर लई विचारी माणूस. सर कुणाच्या बाजूनं बोलत न्हाईत. मी हे खाली मान घालून ऐकायचो आणि आत फुगायचो. आज ते शब्द आठवले की हाताला येईल ते भिंतीवर फेकावंसं वाटतं.

सहा वर्षांपूर्वी शाळेत विज्ञान शिक्षकाची एक जागा निघाली. विनाअनुदानित तुकडी, तरी सात अर्ज आले. निवडीला तिघं — संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई आणि मी. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचा तो तक्ता करा. उद्या कुणी बोट दाखवाय नको." मी केला. प्रत्यक्ष पाठ चाळीस, विषयाचं ज्ञान तीस, मुलाखत वीस, अनुभव दहा. तिघांनी खाली सह्या केल्या.

अर्जात प्रियांका कांबळे होती. माझीच विद्यार्थिनी. वडील घरं रंगवायची कामं करायचे. शनिवारच्या तासाला ही पहिल्या बाकावर. घरात नवं कपाट घ्यायचं होतं तेव्हाही हिनं तक्ता केला होता — वडिलांना समजावून सांगितला म्हणे.

तिचा पाठ मी अजून विसरलेलो नाही. आठवीचा वर्ग, विषय घनता. तिनं दोन काचेचे ग्लास, एक लिंबू आणि मिठाची पुडी आणली होती. काही समजावून सांगायच्या आधी तिनं पोरांना पैजा लावायला लावल्या. कुठल्या पाण्यात काय होईल? का? पोरं बाकांवर चढली. कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि बरोबर कारण सांगून खाली बसली. मी मागच्या बाकावर होतो, आणि गुण द्यायचं विसरून बघत राहिलो. इतक्या वर्षांत असा पाठ मला एकदाही जमला नव्हता.

चहाच्या वेळी अध्यक्ष बशीत चहा ओतत म्हणाले, "कांबळ्यांची पोर हुशार हाय, न्हाय असं न्हाय. पण गावाचंबी बघाय लागतंय की." बस्स. एवढंच. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. ते दोघं उठून गेले. बेरीज करायला मी एकटा बसलो.

बेरीज केली. प्रियांका सात गुणांनी पहिली. दुसरा होता एक मुलगा — बरा होता, चार वर्षं शिकवत होता, घर गावातलं, वजनदार.

मी कागदाकडे बघत बसलो. मग —

मग एकेक कारण सुचायला लागलं. अनुभवाला फक्त दहा गुण? हे योग्य आहे का? पाठ काय, एका दिवसाचा खेळ. प्रयोगशाळेत जबाबदार माणूस नको का? ऐका, यातलं एकही कारण खोटं नव्हतं. तिथंच तर माझं पित्त खवळतं! खोटं असतं तर मलाच लाज वाटली असती. मी शिसपेन्सिलीचे आकडे खोडले. पाठ चाळीसाचे पंचवीस केले, अनुभव दहाचे पंचवीस. पुन्हा बेरीज. प्रियांका आठ गुणांनी मागे. सह्यांचा जुना कागद बाजूला सारला, नवा स्वच्छ अक्षरात लिहिला, दोघांकडे नेला. अध्यक्षांनी आकडे बघितलेसुद्धा नाहीत. "तुम्ही केलाय म्हंजे बरोबरच की," म्हणाले आणि सही ठोकली. बाईंनी बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनीही सही केली.

तिचं आडनाव वेगळं असतं तर मी खोडरबर उचललं असतं का? नाही. नसतंच उचललं. जात मानत नाही असं वर्गात छातीवर हात ठेवून सांगणारा मी.

तुम्हाला वाटलं असेल, माझा गुन्हा एवढाच. एवढंच असतं तर बरं होतं.

चार दिवसांनी ती घरी आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "सर, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा की. पुढच्या वेळी सुधारीन."

मी गप्प बसू शकलो असतो. नशीब म्हणालो असतो, राजकारण म्हणालो असतो. पण तिला पटलं, तर माझं केलेलं बरोबर ठरणार होतं ना! मी कागद आणून तिच्यासमोर ठेवला. एकेक रकाना समजावला. तुझा पाठ दिखाऊ होता, म्हणालो. पोरांना मजा आली, पण पदरात काय पडलं? वर्गावर तुझा वचक नाही. शिकवणं हा तुझा पिंडच नव्हे, उगीच वर्षं घालवू नकोस. तासभर बोललो. तिनं वही काढली आणि हे सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हंजे विचार करूनच सांगताय, सर."

त्यानंतर तिनं कुठल्याच शाळेत अर्ज केला नाही.

गेल्या महिन्यात बायकोचा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो. नोंदणीच्या खिडकीत प्रियांका. शेजारच्या मुलीला कौतुकानं सांगायला लागली, "हे माझे सर. मला शिकवायला जमणार न्हाय हे यांनीच वेळेत सांगितलं, न्हायतर बसले असते अर्ज करत." मग माझ्याकडे वळली. "सर, धाकटीला बी.एड. करायचंय. तिचा एकदा तक्ता करून द्या की. जमंल का बघू."

मी म्हणालो, "आण रविवारी."

दोघी आल्या. धाकटी घाबरून खुर्चीच्या टोकावर बसली होती. मी तिला दोन प्रश्न विचारले आणि म्हणालो, "कर बी.एड. डोळे झाकून कर." वाटलं, निदान हिचं तरी नुकसान होणार नाही.

प्रियांका बघत राहिली. "तक्ता न्हाय केला, सर?"

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. बायको आत होती. सगळं ओठावर आलं होतं.

"हिला गरज नाही," मी म्हणालो.

हिला. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. तिच्याही चेहऱ्यावर ते दिसलं — क्षणभरच. मग ती हसली. बहिणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "चला. घरात एकीला तरी जमतंय."

मी चहा घेऊन जा म्हणालो. दोघींनी घेतला. मी दारापर्यंत सोडायला गेलो.