मळीचा वास आणि रूरचं खोरं

साखर कारखान्याजवळून जाताना मळीचा वास आला की घरचे गाडीच्या काचा वर करतात. मला मात्र बेलापूरचा तो पत्र्याचा वर्ग आठवतो. मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मी भूगोलाची नवी बाई होते, वर्ग तपासायला साहेब आले होते आणि माझी नोकरी त्यांच्या शेऱ्यावर टांगलेली होती. त्यांनी मुलांना विचारलं, "जर्मनीत रूरच्या खोऱ्यातच एवढे कारखाने का दाटले?" बाहेरून जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांची घुंगरं तेवढी वाजत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका गाडीवानाची मुलगी उठली. "साहेब, तोडलेला ऊस लई लांब न्हेला तर वाळतो, म्हनून कारखाना उसापाशी आला. तिकडं भट्टीला कोळसा लई लागत आसंल, म्हनून त्ये कोळशापाशी ऱ्हायले." साहेबांनी भुवया उंचावल्या. "हे पुस्तकात कुठं आहे?" तिनं खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्याच्या धुराड्याकडं बोट केलं. "पुस्तकात न्हाई. त्ये बगा, तितं हाय." साहेब खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, छान शिकवता." निम्मं तर त्या धुराड्यानंच शिकवलं होतं. आजही कुणी काच वर करू लागलं की मी म्हणते, "राहू दे उघडी, माझ्या वर्गाचा वास आहे तो."