सरासरी घसरलेला वर्ग

"सर, तुमी आमच्या शाळेले लाल कावून केलं?"

शबाना मॅडम दारातूनच बोलल्या. अचलपूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. हातात कारणे दाखवा नोटीस. पाचवीचं गणित घसरलं, खुलासा द्या, असं तिच्यात लिहिलं होतं.

मी तेव्हा तालुक्याच्या शिक्षण विभागात डेटाचं काम बघायचो. शाळांचे चाचणीचे गुण एक्सेलमध्ये भरायचे, वर्गाची सरासरी काढायची. मागच्या वर्षीपेक्षा वाढली तर शाळा हिरवी, घटली तर लाल. लाल शाळांना आमचे गटशिक्षणाधिकारी साहेब नोटिसा काढायचे. तक्ता माझाच होता, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मॅडम, आकडा कॉम्प्युटर काढते."

"मंग त्याले विचारा, पोरं किती होती."

विचारलं. मागच्या वर्षी हाच वर्ग चौथीत होता तेव्हा मुलं चौदा. आता तेवीस.

"हे नऊ कुठून आले?"

"वीटभट्टीवरून. कपाशी गेली तशी घरंच्या घरं उठून गेली होती. आमी दोघी मास्तरणी भट्टीवर जाऊन पोरं घेऊन आलो. वयानं पाचवीत बसवली. वजाबाकी येत नव्हती त्याईले."

मला राहवलं नाही. "परीक्षेच्या दिवशी त्यांना घरी ठेवलं असतं तर शाळा हिरवी राहिली असती."

"मालूम आहे. तसं करणारे करतात. मले नाई जमलं."

मी जुनी चौदा मुलं वेगळी काढली. प्रत्येकाचे दोन्ही वर्षांचे गुण शेजारी शेजारी मांडले. तेरा जणांचे वाढलेले. एका मुलीचे तेवढेच राहिलेले. नव्या नऊ जणांचे जुने गुण आमच्याकडे नव्हतेच, पण मॅडमनी ती मुलं आली त्या दिवशी स्वतः चाचणी घेतली होती. वहीत नोंद होती. नऊच्या नऊ पुढे गेलेली.

मी खुर्चीतून उठलोच. दोघं थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

"एक सोडून सगळ्या पोराईचे गुण वाढले अन् सरासरी घटली? असं कसं होते?" साहेब म्हणाले.

"साहेब, वर्गातल्या सगळ्यांची उंची वाढली, पण नऊ बुटकी पोरं नवीन येऊन बसली, तर सरासरी उंची कमीच भरणार."

साहेबांनी दोन्ही तक्ते पुन्हा पाहिले.

"म्हणजे पोरं परत आणली म्हणून आपण नोटीस देऊन राहिलो?"

साहेबांनी नोटीस मागून घेतली आणि फाडली. मग मला म्हणाले, "आता हिरव्या शाळांचे तक्ते उघडा."

उघडले. काही शाळांत सरासरी वाढली होती, कारण कच्ची मुलं परीक्षेला बसलीच नव्हती. त्या शाळांना पत्रं गेली. मजकूर एका ओळीचा: मुलं कुठे आहेत?

पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांसमोर तक्ता कसा वाचायचा हे शबाना मॅडमनी शिकवलं. मी प्रोजेक्टर लावून दिला आणि मागच्या बाकावर बसून टिपणं घेतली. त्या वर्षापासून आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला: नवीन आलेली, गळालेली.

सरासरी काढायला एक्सेलला सेकंद लागत नाही. त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे मात्र शाळेला विचारूनच कळतं.