टॉवेलाखालची गाडी

आधी कप खाली ठेवा. हा किस्सा निघाला की आमच्या घरी कुणी ना कुणी चहा सांडतं आणि चादर मला धुवावी लागते. अकलेचे दिवे कसे पाजळावेत ते कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. मी मास्तरच आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं तेव्हाची गोष्ट. शहापूरला घर, घरात मी, बायको सुमन, मुलगी आणि बाबा. खळ्यावर पाय घसरून बाबांचा खुबा मोडला होता. काठीने ते चालायला लागले, पण एसटीची पायरी काही चढवेना.

आता तुम्ही म्हणाल, नाही चढले एसटीत तर काय बिघडलं? बिघडलं असं की, बाबांची एकुलती एक बहीण, माझी आत्या, मुरबाडच्या पलीकडे, रिक्षावाले जायला तयार होत नाहीत इतक्या लांब राहते. तिला एसटी लांबून दिसली तरी मळमळतं. त्यामुळे भाऊबिजेला बाबांनीच जायचं, हा तिच्या लग्नापासूनचा शिरस्ता. तो त्या वर्षी पहिल्यांदा चुकला. भाऊबिजेच्या दिवशी बाबा नवा सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसले. जायचं कुठेच नव्हतं. संध्याकाळी सुमन म्हणाली, "बाबा, सदरा काढा आता, चुरगळेल." तर म्हणाले, "राहू दे गो."

मला ते बघवलं नाही. पुढच्या भाऊबिजेला यांना गाडीने न्यायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

जीप उंच, म्हणून नको. चार दारांची, मागे डिकी असलेली, बसायला बुटकी, जुनी असली तरी भरवशाची गाडी हवी होती. अशी गाडी शोधण्यात वर्ष गेलं. दिवाळी आठवड्यावर आली आणि आमच्या शाळेतले शिंदे सर म्हणाले, "मुरबाडजवळ गोविंदशेठ म्हणून आहेत. जन्मभर बैलांचा व्यापार केला. आता नजर अधू झाली म्हणून गाडी विकतायत. लेकरासारखी ठेवलीय. चाळीस हजारांच्या आसपास देतील. पण माणूस जुन्या वळणाचा आहे, तोंड वाजवू नका. आपुलकीने वागा."

आपुलकी हा शब्द मी पाठ करून ठेवला. पुढचा सगळा घोटाळा त्या शब्दाने केला.

बाबांना मी बरोबर घेतलं ते फक्त मापाला. सीटवर बसता-उतरता येतं का, एवढं बघायला. बाबांनी आयुष्यभर बैल पारखले. म्हशाच्या जत्रेत लोक त्यांना हाताला धरून बैल दाखवायला न्यायचे. लहानपणी बाबा मलाही जत्रेला न्यायचे, पण मी मिठाईच्या दुकानाच्या सावलीत पुस्तक वाचत बसायचो. तर अशा माणसाला मी रिक्षात काय सांगितलं असेल? म्हटलं, "बाबा, तिथे तुम्ही काही बोलू नका. गाडीतलं तुम्हाला कळत नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि किन्हवलीपासून सरळगावपर्यंत बाहेर बघत राहिले. आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

गाडी खरोखर देखणी होती. मी वही काढली. तपासण्याच्या चोवीस गोष्टी मी आधीच उतरवून आणल्या होत्या. बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, टायर दाबले, खाली वाकून गंज बघितला आणि प्रत्येक गोष्टीपुढे खूण केली. बाबा आधी गोठ्यात डोकावून आले. मग चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाले, "खोकत नाय." मी डोळे वटारले. ते ओटीवर जाऊन बसले.

मग गोविंदशेठनी मला अंगणात भिंतीलगत समोर बसवलं. जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "मास्तर, आमच्या दारातून जानाऱ्या वस्तूचा भाव आमी तोंडानं काढत नाय. हात द्या."

मला वाटलं, वा, शब्दाचा पक्का माणूस. आधी हातात हात, मग कागदावर आकडा. मी हात पुढे केला. त्यांनी वर टॉवेल टाकला. टॉवेल कशाला? मी म्हटलं, वयामुळे हाताला घाम येत असेल.

टॉवेलाखाली त्यांनी माझी चार बोटं धरली आणि हळूच दाबली. किती मायेने धरली होती, काय सांगू. मला शिंदे सरांची आपुलकी आठवली. मीही त्यांचा अख्खा पंजा धरून दाबला.

गोविंदशेठ चमकले. त्यांनी हात सोडवून घेतला, पुन्हा माझी चार बोटं धरली आणि पुन्हा दाबली, जरा सावकाश.

म्हटलं, माणूस गहिवरलाय. लेकरासारखी गाडी परक्याच्या हाती द्यायची, जड जाणारच. एका हाताने काय आपुलकी दाखवायची? मी दुसरा हातही टॉवेलाखाली घातला, त्यांचाही आत ओढला आणि दोन्ही हातांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट दाबले.

गोविंदशेठचा चष्मा नाकावर घसरला. "मास्तर," ते म्हणाले, "नक्की ना?"

"मनापासून."

"घरी विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? तुमच्या गाडीची किंमत आमच्या घरात सगळ्यांना आहे."

ओटीवर बाबा खोकले. मी लक्ष दिलं नाही. ते पुन्हा खोकले, मग सारखेच खोकायला लागले. मी गोविंदशेठच्या सूनबाईंना म्हटलं, "ताई, जरा बाबांना पाणी द्या." आणि शेठना शंका राहू नये म्हणून दोन्ही हात पुन्हा एकदा दाबले.

तेव्हा बाबा उठले. काठी ओटीवरच राहिली. भिंतीला धरून, पाय ओढत ते आमच्यापर्यंत आले, माझ्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "काढ हात."

"बाबा, मी सांगितलं होतं ना..."

"काढ हात, रे."

मी शाळेत असताना घरी पाढा चुकला की ते असेच बोलायचे. मी हात काढला. बाबांनी आपला घातला. दोघा म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. टॉवेल इकडून जरा हलला, तिकडून जरा हलला, मध्ये एकदा थांबला. मग गोविंदशेठ इतके हसले की चष्मा मांडीवर पडला. "जमलं," ते म्हणाले. उठताना त्यांनी बाबांच्या कानात काहीतरी विचारलं. बाबांनीही त्यांच्या कानात उत्तर दिलं.

बयाणा देऊन, बाकीचे नंतर द्यायच्या बोलीवर गाडी बाहेर काढली. रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "जरा थांबव." मी थांबवली. त्यांनी आपला पंचा माझ्या हातावर टाकला आणि खाली एकेक बोट धरून दाखवायला लागले. "एक बोट म्हंजे दहा हजार. चार धरली, चालीस. अख्खा पंजा, पन्नास. अर्धं पेर दाबलं, पाच."

मी मनात हिशोब केला. "म्हणजे त्यांनी चाळीस मागितले आणि मी..."

"पन्नास बोललास. शेठनं टावेलाखाली सगलं सांगितलं मला. त्याला वाटलं, मास्तर चुकला. त्यानं परत चालीस सांगितलं. तू दोनी हात घालून लाख केलास. वर परत दाबून दोनदा कबूल केलास." बाबा समोर बघत म्हणाले. "मानूस चांगला, म्हनून थांबला. साडेतीन बोटांवर आनलाय मी."

पंच्याखाली त्यांनी माझा हात धरलेलाच होता. त्यांचा तळवा पूर्वीइतकाच खरखरीत होता. शेवटचा असा हात त्यांनी म्हशाच्या जत्रेच्या गर्दीत धरला होता, मी हरवू नये म्हणून. मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. तुम्हाला गप्प बसवायला नको होतं."

"चल आता," ते म्हणाले. "गियर टाकायला हात लागंल तुला."

भाऊबिजेला गाडी आत्याच्या अंगणात गेली. बाबांनी स्वतः दार उघडलं, पाय खाली टेकले आणि कुणाचाही हात न धरता उभे राहिले. आत्या ताट घेऊन आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती बाबांना शिव्या घालत होती. एकदा ओवाळून झालं तरी तिने ताट खाली ठेवलं नाही. "हे मागल्या सालचं," म्हणाली आणि पुन्हा ओवाळलं. सुमन पदराने डोळे पुसत होती. मीही पुसले, लपवायचं काय त्यात?

जेवताना बाबांनी सगळ्यांना टॉवेलाची गोष्ट सांगितली. आत्याला ठसका लागला. मी म्हटलं, "ते असू दे. शेवटी गोविंदशेठनी कानात काय विचारलं, ते सांगा."

"इचारत व्हता, तुमचा पोरगा शालंत शिकवतो तरी काय?"

"मग?"

"मी बोललो, मराठी."

"बाबा, मी गणित शिकवतो."

बाबांनी भाताचा घास कालवला. "मला ठावं हाय, रे. पन तू धाई बोटं दाबल्यावर ते कुठल्या तोंडानं सांगू?"