पाहुण्याला काय म्हणायचं?

घरात मी पुष्कळ किस्से सांगतो, पण हा सांगताना आधी इकडेतिकडे बघून घेतो. यात माझी शोभा आहे. तरी आता लिहून टाकतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची आणखी किती अब्रू जायची राहिलेली असते?

पन्नासच्या दशकाची मधली वर्षं. मी नवा कोरा ग्रामसेवक होतो आणि नशिबानं नेमणूक मिळाली ती आमच्याच गावात, अंथुर्ण्यापासून दोन कोसांवर. नोकरी अजून कच्ची होती. इंदापूरच्या विकास अधिकाऱ्यांनी एक दिवस बोलावून सांगितलं, की पुण्यात शेतकी शिकणारा आफ्रिकेतला एक तरुण कालव्याच्या पाण्यावरची शेती बघायला महिनाभर येतो आहे, तो तुमच्या घरी राहील. पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन त्याला विचारीन. त्याची तक्रार निघाली तर पक्क्या नोकरीची आशा सोडा.

पाहुणा आला तो एक ट्रंक आणि एक जाड वही घेऊन. उंच, काळाभोर, बोलायला मऊ. हिंदुस्थानी मोडकंतोडकं बोलायचा. त्याच्या गावात आपल्याकडच्या लोकांची दुकानं होती, तिथं शिकलेला. दिवसभर वांग्याच्या सऱ्या आणि उसाचे पाट बघायचा, बांधावरून पावलं मोजत चालायचा आणि संध्याकाळी सोप्यात बसून वहीत लिहायचा.

त्या वहीनं आमची झोप उडवली. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिल्या दिवसापासून एकच संशय. "ह्यो कूळकायद्याचा माणूस हाय," ते मला गोठ्यात नेऊन म्हणाले, "रंगावर जाऊ नगंस. पावलं कशापायी मोजतोय, इचार." मी हसलो, आणि तो अंघोळीला गेला तशी हळूच वही उघडून पाहिली. एक अक्षर लागेना. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला, की तो माझ्याविरुद्धच लिहीत असणार. त्या वयात सगळं जग आपल्याचविरुद्ध लिहितंय, असं मला वाटायचंच.

प्रश्न होता त्याला हाक काय मारायची. नाव आमच्या जिभेला पेलेना, आणि आई तर परक्या पुरुषाचं नाव घेणारच नव्हती. राव म्हणावं तर नावाशिवाय राव लावायचा कशाला? दादा म्हणावं तर नातं जडतं. शेवटी आईनंच तोड काढली: साहेब. मला ती फार आवडली. साहेबाला वय नसतं, जात विचारावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे साहेबाला महिनाभर सोप्यात बसवून ठेवलं तरी कुणी नाव ठेवत नाही. त्याचा चहा चिनी मातीच्या कपबशीतून यायचा. आम्ही घरचे पितळ्यांतून प्यायचो. तो कप धुऊन सोप्यातल्याच फळीवर पालथा पडायचा. चुलीकडे जायचा नाही. हा मान आहे, असं मी त्याला दोनदा सांगितलं. दोनदा का सांगावं लागलं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

तो मात्र हाकांचं शिक्षण मागू लागला. कुणाला काय म्हणायचं ते शिकवा, म्हणाला, चुकून कुणाचा अपमान नको. मला काय, गुरुजी व्हायची हौस. बाज ओढून बसलो आणि सांगितलं, बापाच्या वयाचा तो तात्या, त्याहून थोर तो आबा, बाई असेल तर मावशी नाहीतर आक्का, बरोबरीच्याला राव. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावानं कधी म्हणून हाक मारायची नाही. त्यानं विचारलं, याला अपवाद? मी म्हणालो, छे. त्यानं ते लिहून घेतलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात येसकर आला. हा गावकीची कामं करणारा, त्याबदल्यात वतनाचा जमिनीचा एक तुकडा कसणारा, वेशीबाहेर राहणारा म्हातारा. सत्तरीचा तरी असेल. सरकारी टपाल आणायचा, दवंडी द्यायचा. त्याच्यासाठी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. त्यात वरून चहा ओतायचा, त्यानं पिऊन धुऊन तिथंच ठेवायचा. त्याला आम्ही सगळे, अगदी माझा धाकटा भाऊसुद्धा, नावाचं शेपूट पिळून 'अरे' म्हणून हाक मारायचो.

पाहुणा बाजेवरून उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "राम राम आबा. बसा."

येसकरानं मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कोण थोर माणूस आलाय ते. मागं नुसती म्हैस होती. तेव्हा तो घाबरला, टपाल उंबऱ्यावर टाकून चहा न पिताच गेला.

गावात त्यावर चार दिवस खल झाला. कुणी म्हणालं, पाहुण्याला स्वतःच्या जातीचा वास लागला. तात्या म्हणाले, मुद्दाम टोचतोय तो आपल्याला. मला एकच काळजी: वहीत काय गेलं?

पाहुणा मला कालव्यावर घेऊन गेला. नियम सांगताना अपवाद नाही म्हणाला होतात, असं म्हणाला. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, रीत वगैरे. मग त्यानं विचारलं, की आत न जाणारे दोनच कप आहेत, एक माझा आणि एक त्या म्हाताऱ्याचा. माझा तेवढा चांगल्यातला का?



"माझ्या बापाचे केस पांढरे झालेत," तो म्हणाला. "तिकडच्या तुमच्या दुकानदाराचा मुलगा त्याला अजून 'ए पोऱ्या' म्हणतो. म्हणून मी आधी हाक ऐकतो, मग माणूस बघतो. तुमचे साहेब विचारतील तेव्हा मी खरं तेच सांगणार."

माणसाला उपरती होते म्हणतात. मला झाली नाही. मला झाला हिशेब. सोमवारी अधिकाऱ्यांची जीप येणार, त्याच्या आत पाहुण्याच्या कानांवर माझ्या तोंडून 'आबा' पडायला पाहिजे. बस, एवढंच. रात्रीतून दोनदा गोधडीत पुटपुटून पाहिलं. आमच्या सख्ख्या आजोबांना जन्मभर जी हाक मारली, ती या एका माणसासाठी तोंडातून निघेना.

सोमवारी सकाळी येसकर टपाल घेऊन आला. पाहुणा सोप्यात, तात्या खांबाशी. वेशीकडून जीपची घरघर ऐकू यायला लागली होती. मी अंगणात उतरलो, आवाज जरा चढा लावला, पाहुण्यापर्यंत जावा म्हणून, आणि म्हणालो, "या आबा. बसा, चहा घ्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. असं आमच्याकडे बाजारात बैलाचे दात बघतात.

"धाकलं मालक," तो म्हणाला, "अंगठा कुठं करायचा तेवढं सांगा. पर माझं वतनाचं तुकडं न्हाय द्यायचो मी."

सोप्यात पाहुणा हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. तात्यांनी मान फिरवली. तेवढ्यात अधिकारी जीपमधून उतरले आणि विचारू लागले, काय, काही गैरसोय? पाहुणा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा अजून शिकतो आहे. राहू द्या याला." अधिकाऱ्यांना कोण कुणाकडे शिकायला आलंय ते कळेना, पण त्यांनी मान डोलावली. माझी नोकरी पक्की झाली.

येसकर मात्र त्याच संध्याकाळी तात्यांना गाठून विचारून गेला, की धाकल्या मालकांनी माझ्या नावावर काय लिवलंय. काही नाही म्हटलं तरी पटेना. पुढं बदली होईपर्यंत मी त्याला आबाच म्हणत राहिलो. आधी लाजेनं, मग सवयीनं. आणि दर वेळी, ओ देण्याआधी, तो डाव्या हाताचा अंगठा पाठीमागं न्यायचा.