ज्ञानूचा हात

वेल्ह्याहून पासलीकडे जाणाऱ्या रस्त्याला ज्ञानूचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं आपलं. वर पत्रे, मध्ये खड्डा, आणि पुढं तोरण्यावर फिरायला आलेल्या पाहुण्यांच्या रुसून बसलेल्या गाड्या. पण डिझेल गाडी थरथरायला लागली, की भोंगवलीपासूनची माणसं ज्ञानूचा पत्ता विचारत येतात. थरथरीचं मूळ शोधणं हे सोपं काम नाही. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्यांना आपल्याकडं फौंडेशन म्हणतात. ते फाटलं की इंजिनची सगळी थरथर बसणाऱ्याच्या दाढांपर्यंत पोचते. पण तशीच थरथर सायलेन्सरमुळे येते, इंजेक्टरमुळेही येते. मग साधारण मिस्त्री एकेक सामान बदलत सुटतो आणि शेवटी कंटाळून गिऱ्हाईक मिस्त्री बदलतं.

ज्ञानूची रीत वेगळी होती. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, डावा तळवा इंजिनवर आणि उजवा बॉडीवर ठेवून डोळे मिटायचे. इंजिन कितीही नाचू दे, उजवा हात शांत राहिला तर फौंडेशन शाबूत. दोन्ही हातांखाली सारखंच नाचलं तर गेलं. एवढ्यावर तो निकाल द्यायचा आणि तो निकाल कधी चुकत नसे. लोक म्हणायचे, ज्ञानूनं हात लावला का? मग झालं.

हा हात गेल्या पावसाळ्यापासून मुका होत चालला होता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आधी पायातली चप्पल निसटली तरी कळेना. मग बोटांतून नट पडला की खाली वाजल्यावर कळायचं. सरकारी दवाखान्यात एकदा साखर तपासली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुण्याला दाखवायला सांगितलं होतं. ज्ञानूनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरला. बायकोला, माधुरीला, चकार शब्द सांगितला नाही. त्याचं सगळं नाव त्या हातावर उभं होतं. तोच गेला म्हटल्यावर वेल्ह्यात ज्ञानू म्हणून उरलं काय असतं? भीतीनं माणूस इतका हट्टी होतो की बघणाऱ्याला राग यावा.

भात कापणीला आलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी पासलीचे आनंदराव गाडी घेऊन आले. शेजारी त्यांची बायको धोंडाबाई. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला तिला पुण्याला न्यावं लागे, आणि त्यासाठीच आनंदरावांनी ही जुनी डिझेल गाडी घेतली होती. गाडीवर त्यांचा फार जीव. दसऱ्याला इंजिनवर डिझेल फवारून ते असं चकचकीत केलं होतं की पूजेला आलेल्या बायकांनी त्यालाच हळदकुंकू लावलं. डिझेल रबराला खातं, हे त्यांना कोण सांगणार? आपल्या भागात सगळेच असं लखलखीत करतात.

"ज्ञानू, बघ रं जरा," आनंदराव म्हणाले. "लई थरथरतीय. तासाभरात निघायचं हाय, मशीनचा नंबर ठरल्याला असतोय."

धोंडाबाई आतच बसून होती. उजवा तळवा तिनं डाव्या हाताच्या मनगटावर ठेवला होता. दुखत असेल, असं ज्ञानूला वाटलं.

त्यानं बॉनेट उघडलं. दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. उजवा हात शांत होता. त्याला बरंही वाटलं. डोळे उघडल्यावर ब्रेकचा व्हॅक्यूम पाइप एका जागी घासून चकाकताना दिसला, पण गाडीही जुनीच, असं म्हणून त्यानं तो विषय सोडला.

"फौंडेशन शाबूत हाय आण्णा. सायलेन्सरचं रबर तुटलंय."

रबर खरंच तुटलं होतं. त्यानं नवं बसवलं. खडखड थांबली. धोंडाबाई म्हणाली, "आवाज गेला, पर हाडं अजून हालत्यात."

"ज्ञानूनं हात लावलाय," आनंदराव म्हणाले. "आता गप बस."

गाडी पाबे घाटाच्या रस्त्याला लागली. जवळचा रस्ता तोच.

थोड्या वेळानं माधुरी चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देता देता ती किंचाळली, "अवो, ह्ये काय?"

डाव्या तळव्यावर टरटरून फोड आला होता. आजूबाजूची कातडी पांढरी पडली होती.

"कवा भाजलं?"

ज्ञानू हाताकडं बघत राहिला. तापलेल्या इंजिनवर तळवा ठेवला तेव्हाच भाजलं असणार, आणि त्याला पत्ताच नव्हता. ज्या हातांना भाजल्याचं कळत नाही, त्यांच्यावर विसंबून आपण बॉडी शांत आहे म्हणून सांगितलं. मग तो चकाकणारा पाइप डोळ्यांपुढं आला. फौंडेशन फाटलं असेल तर वळणावर इंजिन उसळणार, पाइपाला हिसका बसणार. पाइप निघाला की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं, दाबलं जात नाही. आणि खिंडीपलीकडं घाटाचा नुसता उतार.

त्यानं आनंदरावांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. चहा तसाच ठेवून त्यानं मोटरसायकलला किक मारली.

"हात तर बांधा!" माधुरी ओरडली. तो कधीच रस्त्याला लागला होता.

पाबे गावातून चढ सुरू होतो. प्रत्येक वळणाला ज्ञानू पुढं गाडी दिसते का बघत होता. क्लच किती दाबलाय ते हाताला कळत नव्हतं, गिअर करकरत पडत होते. फोड कधी फुटला तेही त्याला मुठीवरचं ओलं बघून समजलं. समोरून येणाऱ्या जीपवाल्याला त्यानं हात करून विचारलं, "पांढरी गाडी?" त्यानं नुसतं मागं बोट दाखवलं. खिंड जवळ आली तसा ज्ञानूनं मनातल्या मनात देवाला हाक मारली, आणि एरवी तो देवाला फारसा त्रास देणारा माणूस नव्हे.

खिंडीत गाडी उभी होती. इंजिन चालूच. धोंडाबाई कडेच्या दगडावर मान खाली घालून बसली होती. थरथरीनं तिला मळमळायला लागलं होतं, म्हणून आनंदराव थांबले होते. ज्ञानूला रडूच यायचं बाकी राहिलं.

"आण्णा, गाडी खाली नेऊ नका."

"का रं?"

"फौंडेशन गेलं असंल. ब्रेकचा पाइप निघंल."

"सकाळी तूच शाबूत म्हनलास की!"

आता सांगावंच लागणार होतं. "माझ्या हातास्नी काय कळत न्हाई आण्णा. लई दिवस झालं. सकाळी बी कळलं न्हवतं."

आनंदरावांचा चेहरा लाल झाला. "मंग सकाळी तोंड शिवलं व्हतं का? हिला घेऊन मी घाट उतरनार व्हतो! आन् हात तवा खोटा व्हता, तर आता कशावरनं खरं बोलतोस? तिकडं मशीन वाट बघत न्हाई. धोंडे, बस गाडीत."

फाटलंय की नाही, हे ज्ञानूनं आजवर हातांनीच सांगितलं होतं, आणि हात तर असे.

धोंडाबाई उठली. पण ती गाडीत बसली नाही, बॉनेटपाशी आली. "मला सांग कुठं हात ठिवायचा."

"काकी, तुमाला कसं कळंल?"

तिनं डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर एक शीर दोरीसारखी फुगली होती. "डॉक्टरनी हितं दोन शिरा जोडल्यात. आत रगत थरथरतंय. रोज सकाळी तळवा ठिवून बघायचं, थरथर हाय का न्हाई. थांबली तर मशीनची सुई कुठं घालनार? मला थरथर नको सांगूस."

सकाळी ती हातावर हात ठेवून का बसली होती, ते ज्ञानूला आता कळलं. त्यानं इंजिनवरची न तापणारी जागा दाखवली, मग बॉडीवरची. ज्ञानूसारखेच तिनं डोळे मिटले.

"दोनीकडं सारखंच हाय," ती म्हणाली. "कायबी फरक न्हाई."

ज्ञानूनं गाडीच्या डिकीतली टॉमी, चाक खोलायची लोखंडी पहार, काढली आणि इंजिनखाली घालून रेटली. इंजिन एका बाजूनं अलगद वर उचललं गेलं. खालचं रबर डिझेलनं फुगून, मऊ होऊन मधोमध फाटलं होतं. "आण्णा, जाग्यावर रेस करा."

आनंदरावांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन उसळलं आणि पाइप फस्स करून निघाला.

"आता ब्रेक दाबत राव्हा."

दोनतीनदा दाबल्यावर त्यांचा पाय थांबला. त्यांनी पुन्हा जोर लावला. पेडल हलेना. त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि उताराकडं बघत उभे राहिले. रागाचा मागमूस राहिला नव्हता.

वेल्ह्याकडून एक टेम्पो चढून आला. पुण्यालाच निघाला होता. आनंदरावांनी रस्त्यात आडवं उभं राहून तो थांबवला. ज्ञानू गाडीच्या चाकांना दगड लावत होता. धोंडाबाईनं त्याचा हात धरला आणि फुटलेला फोड बघितला. मग त्याची बोटं तिनं आपल्या त्या शिरेवर ठेवली.

"थरथर कळतीय काय?"

त्यानं सगळं लक्ष बोटांत आणलं. "न्हाई काकी."

"चप्पल निसटतीय का पायातनं?"

ज्ञानूनं पाय चपलेसकट मागं ओढला.

"माझं बी पायापासनंच सुरू झालं. साखर. म्या बी कुनाला सांगितलं न्हाई. ह्यांनाबी न्हाई." तिनं त्याचा हात सोडला. "टेम्पोत जागा हाय. चल."

"गाडी हितं कशी सोडू? गिऱ्हाईकं बी..."

"चल म्हनते ना!" ती इतक्या जोरात बोलली की टेम्पोवाल्यानं वळून बघितलं.

आनंदराव आणि धोंडाबाई पुढं बसले, ज्ञानू टेम्पोत मागं. खिंडीत तेवढी रेंज असते. त्यानं माधुरीला फोन लावला.

"घावली काय गाडी?"

"घावली. सगळी ठीक हायत. म्या पुन्याला चाललोय."

"सामान आनायला?"

"न्हाई. दवाखान्यात. माझ्या हाताला कायबी कळंना झालंय, माधुरी."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नीट ऐकू न्हाई आलं. परत सांगा."

ऐकू आलं होतं, हे त्याला समजलं. त्यानं परत सांगितलं.