तुम्हीच विमलबाई ना?

नर्सच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी कमलबाईंना विमलबाईंसाठी आलेलं रक्त चढवायला निघाले होते. डोक्यावरची टोपी मात्र कडक इस्त्रीची होती आणि माझा तोरा त्याहून कडक.

काल तालुक्याच्या दवाखान्यात नव्या नर्सना रक्त कसं द्यायचं ते शिकवत होते. खोटा पेशंट म्हणून खाटेवर मला आडवं केलं. या वयात दुसरी कुठली भूमिका मिळणार! एक मुलगी रक्ताची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. तिनं ते पिशवीवरच्या चिठ्ठीशी आणि केसपेपरशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

मी मात्र त्या पहिल्या वर्षी कमलबाईंना लाडानं विचारलं होतं, "तुम्हीच विमलबाई ना?" आपल्याकडे कुणी आपुलकीनं विचारलं की माणूस आधी मान डोलावतो, प्रश्न नंतर ऐकतो. जेवलात ना? हो. बरं आहे ना? हो. असल्या 'हो'वर पाहुणचार निभतो, रक्त देणं नाही.

कमलबाईंनीही मान डोलावली. मी नळी जोडणार, तेवढ्यात मोठ्या सिस्टरनी मागून विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

"कमल."

पिशवीतलं रक्त दुसऱ्याच गटाचं होतं. बाई प्राणाला मुकली असती. पिशवी बाजूला ठेवून मी तिला विचारलं, "मग मघाशी हो कशाला म्हणालात?"

ती म्हणाली, "अगं पोरी, इतक्या हौसेनं आली होतीस, नाही म्हणायचं अगदी जिवावर आलं."