वेंडेलच्या बंदुकीचं लांबलेलं काम

त्र्यंबकराव कर्डिले अमेरिकेत आले ते रत्नाबाईंचे यजमान म्हणून. रत्नाबाई नर्स. पेन्सिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलात नोकरी त्यांना लागली, व्हिसा त्यांच्या नावाचा, आणि ओझरच्या विमान कारखान्यात फिटर असलेले त्र्यंबकराव त्यांच्या मागोमाग. स्टेट कॉलेज या गावातल्या मराठी मंडळींत सगळे प्राध्यापक, संशोधक आणि पीएचडीची पोरं. त्यांच्यात या फिटरला कुठं बसवायचं हे पहिली काही वर्षं कुणाला उमगलं नाही. पुढे युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपात प्रयोगांचे सुटे भाग करण्याचं काम मिळालं आणि तो प्रश्न आपोआप मिटला. निवृत्त झाल्यावरही मंडळी त्यांच्या बेसमेंटमध्ये येतच राहिली. कुणाच्या कुकरचा दांडा, कुणाचा पुण्याहून आणलेला मिक्सर. काका बघत, आणि ज्या दिवशी देतो म्हणत त्याच दिवशी देत.

हे शेवटचं महत्त्वाचं. सिन्नरला त्यांच्या लहानपणी एक सोनार होता. त्यानं त्यांच्या आईला एका पाटलीसाठी इतक्या वेळा 'उद्या या' सांगितलं होतं, की 'उद्या या' म्हणणारा कारागीर आणि थापाड्या यांत त्र्यंबकरावांना कधी फरक वाटलाच नाही. अशा माणसाला एक शरद ऋतू त्या सोनाराच्या वरताण वागावं लागलं, त्याची ही हकिगत.

शेजारच्या घरात वेंडेल स्टोव्हर राहायचा. आयुष्यभर गाई पाळलेला, आता सत्तरी ओलांडलेला, बोलण्यात काटकसरी. कर्डिले राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात न सांगता ट्रॅक्टर आणून त्यानं त्यांच्या दारातला बर्फ बाजूला केला होता, आणि पुढच्या हिवाळ्यात 'चल' म्हणून त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं होतं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार, म्हणजे शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस, कधी चुकला नाही. त्र्यंबकरावांनी स्वतः बंदूक धरली नाही, धरावीशी वाटलीही नाही. मारणं वेंडेलचं, ओढत आणणं दोघांचं, आणि थर्मासातला आल्याचा चहा त्र्यंबकरावांचा. रत्नाबाई ते मटण काळा मसाला घालून करत. वेंडेलच्या बायकोनं, लोइसनं, पहिल्या वर्षी ते डोळे पुसत खाल्लं. दोन-तीन वर्षांनी स्वतःच पातेलं घेऊन येऊ लागली.

वेंडेलची बंदूक त्याच्या बापाची. लिव्हरची. चापाखाली एक लोखंडी कडी असते, ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. बंदूक देखणी, पण लांबच लांब. दाट रानात वाकून चालताना तिची नळी दर दहा पावलांवर फांदीत अडके. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वेंडेल ती घेऊन बेसमेंटमध्ये आला आणि म्हणाला, की ही दरवर्षी लांब होत चाललीय, ट्रिम, आणि जडही. 'त्र्यंबक' त्याला कधी जमलं नव्हतं. जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं: नेम धरायची मागची खाच हल्ली धूसर दिसते.

त्र्यंबकरावांना एवढं पुरलं. कुकरचे दांडे करून कंटाळलेला माणूस तो. त्यांनी नळी हातभर नाही पण चांगली वीतभर छाटली, तिचं नवं तोंड अगदी काटकोनात घासून घेतलं, कारण ते जरा तिरपं राहिलं तरी गोळी भलतीकडे जाते. मागची खाच काढून डोळ्याजवळ एक बारीक कडं बसवलं. त्या कड्यातून नुसतं बघायचं. मध्य डोळा आपोआप शोधतो, आपण फक्त नळीच्या टोकाचा मणी हरणावर आणायचा. तो मणी नव्या टोकावर बसवून पांढरा रंगवला. हातमोजे घालून बोटं जावीत म्हणून लिव्हरची कडी रुंद केली. दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाचा, लोखंडी तळ वेंडेलचा खांदा सोलत असे. तो काढून दस्ता आखूड केला, मागे रबर लावलं. आपण दुसऱ्याच्या बापाच्या वस्तूला करवत लावतोय याची धाकधूक होती, पण हात रंगला होता. कितीतरी वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

चूक झाली ती मापात. दस्त्याचं माप त्यांनी ऑगस्टात घेतलं, वेंडेलच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट असताना. थंडीचा कोट हा माणसाच्या अंगाचाच भाग धरायचा असतो, हे इतकी वर्षं बर्फ उपसूनही नाशिककडच्या माणसाच्या रक्तात उतरत नाही. सप्टेंबरात पहिल्या गार सकाळी वेंडेल शिकारीचा जाड कोट चढवून आला, बंदूक खांद्याला लावायला गेला आणि दस्ता काखेतच अडकला. वेंडेल हसला. त्र्यंबकराव मात्र शरमले. अजून थोडा छाटून पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले, आणि ते खरंच देणार होते.

पण दुसऱ्याच दिवशी लोइस झुकिनीचा केक घेऊन आली. रत्नाबाई ड्यूटीवर होत्या. लोइस स्वयंपाकघरात बसली आणि कप दोन्ही हातांत धरून तिनं सांगितलं, की वेंडेलच्या डोळ्यांचा मधला भाग विरत चाललाय. डॉक्टरनं सांगितलंय, चष्म्यानं सुधारायचं नाही. तो कॉफी कपाच्या बाहेर ओततो. परवा टपालपेटीपाशी कोण उभं आहे म्हणून विचारत होता, आणि तिथं नुसती टपालपेटी होती. हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, तिनं कुणाला सांगायचं नाही. नवं कडं बसलं की सगळं ठीक होईल म्हणतो.

"तुझ्याकडे ती बंदूक सुटी पडलीय तोवर तो रानात जाणार नाही," लोइस म्हणाली. "सीझन संपेपर्यंत ती तुझ्याकडेच राहू दे, ट्रिम. एवढंच कर."

त्र्यंबकराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तोंडात केकचा तुकडा होता, तो चावत राहिले. लोइसनं त्याचाच हो धरला, आणि खरं तर तो होच होता.

मग सोनार सुरू झाला. आधी कड्याचा स्क्रू यायचा होता. स्क्रू आला तर दस्त्याचं तेल वाळायचं होतं. तेवढ्यात खंडेनवमी आली. रत्नाबाई दरवर्षी बेसमेंटमधल्या लेथला, पान्यांना, कानशींना हळदकुंकू वाहत. यंदा टेबलावर पडलेल्या बंदुकीलाही त्यांनी वाहिलं. वेंडेलनं दस्त्यावरचं कुंकू पाहून विचारलं, तेव्हा त्र्यंबकरावांनी सांगितलं, की आमच्याकडे या सणाला हत्यारांना सुट्टी असते, हात लावायचा नसतो. सुट्टी एका दिवसाची. त्यांनी ती पंधरा दिवसांची केली. वेंडेल लूथरन चर्चचा नेमानं जाणारा माणूस. दुसऱ्याचा देवधर्म म्हटल्यावर त्यानं टोपी काढली आणि पंधरा दिवस बेसमेंटच्या पायऱ्या उतरला नाही. त्र्यंबकरावांना त्या पंधरा दिवसांत जेवण गोड लागलं नाही.

लोइसचं बोलणं त्यांनी रत्नाबाईंच्या कानावर घातलेलं होतं; रत्नाबाईंनी शेवटी विषय काढलाच. त्या म्हणाल्या, "अहो, मी रोज पेशंटला वाईट बातम्या सांगते. माणूस रडतो, चिडतो, पण सावरतो. तुम्ही त्याला सांगतही नाही आणि देतही नाही. हे कसलं प्रेम?" वेंडेलला 'तू आंधळा होतोयस' असं म्हणणारा पहिला माणूस आपण व्हायचं, हेच त्र्यंबकरावांना नको होतं. बर्फात अडकलेल्या नवख्या माणसाच्या दारात जो न बोलावता आला, त्याला हे कसं सांगायचं?

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी वेंडेल आला आणि त्यानं शांतपणे सांगितलं, की काम झालं नसेल तर राहू दे, मी जावयाची रायफल घेऊन जातो. जावयाची रायफल म्हणजे लांब पल्ल्याची, दुर्बीण लावलेली तोफच. त्र्यंबकरावांना उमगलं: आपल्या टाळाटाळीनं वेंडेल घरी बसणार नव्हता. तो फक्त भलती बंदूक घेऊन जाणार होता. त्यांनी कपाटातून बंदूक काढून दिली. ती कधीचीच पुरी झालेली होती, आणि ते वेंडेललाही कळलं असणार.

दुपारी दोघं मागच्या शेतात गेले. मातीच्या बांधाला एक कागदी ताटली टाचली. वेंडेलनं कोट घालून बंदूक खांद्याला लावली, ती अलगद बसली, आणि त्यानं झाडलेली प्रत्येक गोळी ताटलीत गेली. त्र्यंबकरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. लोइस उगाच घाबरते, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं. तपकिरी मातीवर पांढरी ताटली कुणालाही दिसेल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कारागिराला आपलं काम खरं ठरलेलं हवंच असतं, आणि भित्र्या माणसाला तर निमित्तच हवं असतं. वेंडेलनं ती ताटली लोइससमोर टेबलावर ठेवली. ती त्र्यंबकरावांकडे बघून इतकंच म्हणाली, की निदान तू त्याला एकटं सोडू नकोस.

सोमवारी उजाडता उजाडता दोघं डोंगराच्या कुशीला, एका आडव्या पडलेल्या हेमलॉकच्या झाडाला टेकून बसले. अंगावर कायद्यानं सक्तीची केशरी जाकिटं. दूरवर इतरांचे बार अधूनमधून ऐकू येत होते. रानात आज माणसंच माणसं. चहा झाला. ऊन ओकांच्या शेंड्यांवर आलं, आणि डावीकडे पाचोळा वाजला.

हरीण आलं. मोठा नर, चाळीसेक पावलांवर, आडवा उभा, मान वर. वेंडेलनं बंदूक उचलली. फांदीत अडकली नाही, काखेत अडकली नाही, कडं नेमकं डोळ्यासमोर आलं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. त्यानं अंगठ्यानं घोडा मागे ओढला आणि नळी स्थिर धरली. ती हरणावर नव्हती. ती उजवीकडे, जळक्या ओकाच्या एका खोडावर होती, माणसाएवढ्या उंच.

"फाटे किती?" वेंडेल कुजबुजला.

शिंगाला एका बाजूला तीन तरी फाटे असल्याशिवाय नर मारता येत नाही, म्हणून दरवर्षीच तो हे विचारायचा. 'दोनच आहेत' एवढं म्हटलं असतं तर बंदूक खाली आली असती, दिवस निभावला असता, कुणाचं मन दुखलं नसतं. ते वाक्य त्र्यंबकरावांच्या ओठावर आलंसुद्धा. पण मग उद्याचा दिवस होता. उद्या वेंडेल पुन्हा येणार, कदाचित एकटा, आणि तेव्हा त्या जागी खोड असेलच असं कुणी सांगावं? वाकून बसलेलं कुणाचं तरी पोर असलं तर?

"वेंडेल," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तू खोडावर नेम धरलायस. हरीण डावीकडे आहे. तुला ते दिसत नाहीये."

आवाजानं हरीण उसळलं आणि पांढरी शेपटी उडवत झाडीत गेलं. वेंडेलनं त्या आवाजाकडे मान वळवली नाही. बराच वेळ बंदूक तशीच खांद्याला होती. मग त्यानं अंगठ्यानं घोडा सावकाश खाली बसवला, लिव्हर ओढून एकेक काडतूस बाहेर काढलं आणि खिशात टाकलं.

"तुला माहीत होतं?"

"लोइसनं सांगितलं. सप्टेंबरात."

"म्हणून स्क्रू येत नव्हता."

"हो."

"आणि तुमचा तो सण?"

"तो एका दिवसाचाच असतो."

वेंडेलनं मान हलवली. "सप्टेंबरात सांगितलं असतंस तर मी ऑक्टोबरभर चिडलो असतो, आणि आज तुझ्यासोबत नुसता चहा प्यायला आलो असतो," तो म्हणाला. "आता कधीपर्यंत चिडेन, सांगता येत नाही."

परतताना तो पुढे चालला. छोटी केलेली बंदूक एकाही फांदीत अडकली नाही. त्र्यंबकरावांना आपल्या हाताच्या सफाईची आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली, आणि त्याच वेळी मोकळंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

वेंडेल डिसेंबरभर आला नाही. लोइस पातेलं घेऊन यायची, त्र्यंबकरावांचा हात दाबायची, पण निरोप काही आणायची नाही. नाताळला रत्नाबाईंनी करंज्या पाठवल्या. डबा धुऊन परत आला. त्र्यंबकराव पोरांचे मिक्सर वेळच्या वेळी देत राहिले.

जानेवारी सरत आला असताना एका दुपारी बेसमेंटच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला. वेंडेल कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरला. स्टूल हातानं शोधून बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. त्र्यंबकरावांनी लेथ बंद केला.

"किती फाटे होते त्याला?" वेंडेलनं विचारलं.

"एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला पाच, पण पाचवा टोकाला मोडलेला."

वेंडेलनं डोळे मिटून घेतले. "पाच," तो स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला, "पहिल्यापासून सांग. आला कुठून तो?"

त्र्यंबकराव त्याच्या शेजारी बसले आणि सांगू लागले. या वेळी त्यांनी काहीच हातचं राखलं नाही.